वृद्ध वाघ आणि मानवी हस्तक्षेप

म्हातारपणामुळे शिकार न जमणाऱ्या रानवाघाला खाद्य पुरवणे, औषधोपचार करणे किंवा जेरबंद करून सांभाळणे, अशा उपायांना वृद्ध वाघाच्या आयुष्यातला मानवी हस्तक्षेप म्हणतात. जंगलात वाघ साधारण 10 ते 15 वर्षे जगतो. सुळे झिजले, पाय थकले की तरुण वाघ त्याला हद्दीबाहेर हुसकावतो. मग तो जंगलाच्या कडेला सरकतो आणि गावची गुरे धरू लागतो. तिथून माणसाशी गाठ पडायला वेळ लागत नाही.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची भूमिका स्पष्ट आहे: म्हातारे, दुबळे वाघ मागे पडणे हा निसर्गक्रम असून त्यांना आयते खाऊ घालू नये. पण वाघ नावाजलेला असला की नियम सैलावतो. रणथंबोरची मछली (टी-16) हे त्याचे ठळक उदाहरण. मगरीशी झुंजलेल्या या वाघिणीचे तळ्याकाठचे राज्य तिच्याच मुलीने, सुंदरीने, बळकावले. पुढे सुळे गेले, एक डोळा निकामी झाला. वनखात्याने बांधलेल्या जनावरांवर तिची शेवटची वर्षे निघाली. 18 ऑगस्ट 2016 रोजी ती गेली तेव्हा तिचे वय सुमारे 19 होते. तिचे पर्यटनातले मोल पाहता तिला उपाशी मरू देणे कोणालाच परवडणारे नव्हते.

तिची नात अ‍ॅरोहेड (टी-84) म्हातारी होण्याआधीच आजाराने खंगली. तिच्यासाठीही जिवंत सावज सोडले जाई, आणि ते तिच्या बछड्यांच्याही तोंडी लागले. 2025 मध्ये रणथंबोरात वाघांच्या हल्ल्यांत माणसे दगावली. बछड्यांची माणसाबद्दलची भीती अशा आयत्या खाद्यामुळेच मोडली, अशी टीका तेव्हा झाली. ती रास्त वाटते. एकीची भूक भागवताना साऱ्या कुटुंबाची सवय बदलते.

ताडोबाच्या वाघडोहच्या वाट्याला असे लाड आले नाहीत. एकेकाळचा हा धिप्पाड नर हद्द गमावून चंद्रपूरजवळच्या जंगलात भटकत राहिला आणि मे 2022 मध्ये सिनाळ्याजवळ सुमारे 17 व्या वर्षी मरून पडलेला आढळला.

म्हातारा वाघ माणसाच्या जिवावर उठला, तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 11 नुसार मुख्य वन्यजीव रक्षक त्याला पकडण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. बेशुद्ध करून जेरबंद केलेले विदर्भातले असे वाघ बहुधा नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात जातात. पुन्हा जंगलात सोडण्याजोगी त्यांची अवस्था क्वचितच असते.