हार्ड डिस्क ‘पीआयओ’त अडकली तर

विंडोज एक्सपीवर चालणारा जुना कॉम्प्युटर फाइल कॉपी करताना अचानक रांगायला लागला, माऊसचा बाणही अडखळू लागला, तर व्हायरस शोधण्याआधी ट्रान्सफर मोड, म्हणजे डिस्क डेटा कोणत्या पद्धतीने देते ते, बघा.

रुंद पट्टीच्या केबलवरची जुन्या धाटणीची, म्हणजे आयडीई, डिस्क दोन पद्धतींनी डेटा देते: पीआयओ आणि डीएमए. पीआयओमध्ये दर दोन बाइट प्रोसेसर स्वतः उचलतो. दुकानाच्या मालकानेच गल्ला सोडून पोती वाहावीत, तसं. वेग फार तर सेकंदाला १६.७ एमबी. डीएमएमध्ये कंट्रोलर डेटा परस्पर मेमरीत टाकतो आणि प्रोसेसर मोकळा राहतो. त्याचाच वेगवान प्रकार म्हणजे अल्ट्रा डीएमए; त्याच्या मोड ५ची मर्यादा सेकंदाला १०० एमबी. ७०० एमबीची फाइल पीआयओत नुसती वाचायलाच पाऊण मिनिट जातं.

मोड आपण बदललेला नसतो. अल्ट्रा डीएमएमध्ये डेटाच्या प्रत्येक खेपेची सीआरसी तपासणी होते, म्हणजे डेटा वाटेत बिघडला का ते पाहिलं जातं. त्यात सापडलेल्या चुका आणि टाइमआउट (वेळेत उत्तर न येणं) मिळून सहा झाले, की एक्सपी वेग एक पायरी खाली आणतं. चुका चालूच राहिल्या तर उतरत उतरत पीआयओ गाठतं, आणि तिथून आपणहून वर येत नाही. सीडी ड्राइव्हमध्ये ओरखडे पडलेली सीडी घातली तरी तो ड्राइव्ह असा घसरू शकतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘आयडीई एटीए/एटीएपीआय कंट्रोलर्स’ उघडा. ‘प्रायमरी आयडीई चॅनल’च्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’वर जा. वर ‘डीएमए इफ अव्हेलेबल’ निवडलेलं असतं, म्हणून बरेच जण तिथूनच परततात. खरी गोष्ट खालच्या ‘करंट ट्रान्सफर मोड’मध्ये दिसते. तिथे ‘पीआयओ मोड’ असेल तर तो चॅनल अनइन्स्टॉल करून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. विंडोज चॅनल नव्याने ओळखतं, चुकांची जुनी मोजणी पुसली जाते. कधी दोनदा रीस्टार्ट करावं लागतं.

आठवड्याभरात पुन्हा पीआयओ दिसला, तर दोष बहुधा केबलचा. अल्ट्रा डीएमए मोड २च्या (सेकंदाला ३३ एमबी) वर जायला ८० तारांची केबल लागते. पिना मात्र ४०च असतात, त्यामुळे जुनी केबलही बिनबोभाट बसते. तारा मोजत बसू नका, त्यांची जाडी बघा: नव्या केबलच्या तारा निम्म्या जाडीच्या असतात. निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला (केबलवरच्या पहिल्या ड्राइव्हला), मधलं करडं स्लेव्हला (दुसऱ्या ड्राइव्हला). लांबी १८ इंचांपेक्षा जास्त नको. केबल बदलण्याआधी डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, त्यांतला १९९ क्रमांकाचा आकडा टिपून ठेवा. तो सीआरसी चुकांचा असतो आणि शून्यावर परत येत नाही. नव्या केबलवर तो वाढायचा थांबला, तर दोष केबलचाच होता.