नंबर तोच, तरी दिसत नाही? डोळ्याचा पडदा तपासून घ्या
चष्म्याच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानात रोज ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘नंबर वाढलाय, काच बदलून द्या.’ बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण अधूनमधून असे कुणी येतात, की कुठलीही काच लावली तरी तक्त्यावरची खालची ओळ त्यांना लागतच नाही. मग आम्ही ट्रायल फ्रेममध्ये पिनहोल घालतो. काळी चकती आणि मधोमध बारीक भोक, एवढंच ते साधन. भोकातून नीट दिसलं तर दोष बहुतेक नंबरचा. तरीही दिसलं नाही, तर आम्ही फ्रेम दाखवायचं थांबवतो आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला सांगतो. काही ग्राहक त्यामुळे नाराज होतात. ‘मला चष्मा हवाय, तुम्ही दवाखान्यात कशाला पाठवता?’ असं विचारतात. त्यांच्यासाठी, आणि खास करून मधुमेह असलेल्यांसाठी, हे पत्रक.

पडद्याला होतं काय

चष्म्याची काच उजेड नीट गोळा करून डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पाडते. तिचं काम तिथं संपतं. मधुमेहात त्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. हा पाझर पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलात साचला की भिंतीला ओल धरून रंग फुगावा तशी तिथं सूज येते. अक्षरं पुसट होतात, सरळ रेषा वाकडी दिसते. आजार पुढे गेला की रक्त कमी पडलेल्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या कच्च्या असतात, फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरतं. एवढं सगळं होईपर्यंत दुखत मात्र काहीच नाही, आणि सुरुवातीला दिसायलाही नीट दिसतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत चाळिशीच्या पुढच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर हा आजार आढळला, म्हणजे आठ जणांत एक.

जाता जाता एक सांगतो. साखर खूप वर-खाली होत असेल तर चष्म्याचा नंबरही बदलत राहतो. अशा वेळी घाईनं नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातात. साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, मग या.

लेझर आणि इंजेक्शन कशावरून ठरलं

डॉक्टर आज जे उपचार सांगतात, ते रुग्णांनी स्वतःच्या डोळ्यांवर होऊ दिलेल्या तुलनेतून ठरले आहेत. १९७२ पासून अमेरिकेत १५ केंद्रांवर १,७०० हून अधिक मधुमेही एका चाचणीत सामील झाले. प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेझर दिला, दुसरा तसाच ठेवला. कोणता डोळा, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. १९७६ पर्यंत फरक इतका उघड झाला, की चाचणी चालू असतानाच दुसऱ्या डोळ्यालाही लेझर द्यायची मुभा दिली गेली. लेझरमुळे नजर गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला होता. ‘लेझर केला, पण दिसायला काही सुधारलं नाही,’ अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. लेझर मुख्यतः उरलेली नजर राखण्यासाठी असतो. गेलेली परत आणायचं काम त्याच्याकडून सहसा होत नाही.

इंजेक्शनाची गोष्ट वेगळी आहे. रक्त कमी पडलं की पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो, आणि त्याच्या सांगण्यावरून कच्च्या रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात. नेपोलिओनी फेरारा या शास्त्रज्ञांनी १९८९ साली हे प्रथिन वेगळं काढून ओळखलं. त्याला अडवणारं बेव्हासिझुमॅब, म्हणजे अवॅस्टिन, २००४ साली मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. खास डोळ्यासाठी बनवलेलं रानिबिझुमॅब २००६ साली आलं. वयोमानानं मॅक्युला बिघडून पाझर सुरू झालेल्या ७१६ रुग्णांवरच्या चाचणीत पूर्ण मात्रा घेतलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना वर्षभरानंतर तक्त्यावरच्या तीन ओळी जास्त वाचता आल्या. त्याआधी या आजारात असं सहसा घडत नसे.

‘कॅन्सरचं औषध डोळ्यात का घालतात?’ हे अवॅस्टिनबद्दल घाबरून विचारलं जातं, आणि विचारणं रास्तच आहे. २०११ साली १,२०८ रुग्णांवर अवॅस्टिन आणि रानिबिझुमॅब यांची समोरासमोर तुलना झाली, तीही सरकारी पैशानं. वर्षाअखेर दोन्हींचा नजरेवरचा गुण सारखाच निघाला. एका मात्रेची किंमत मात्र तेव्हा अमेरिकेत रानिबिझुमॅबची सुमारे २,००० डॉलर आणि अवॅस्टिनची सुमारे ५० होती. मधुमेहाच्या सुजेसाठी २०१५ साली ६६० रुग्णांवर तीन औषधं तपासली, ही दोन आणि तिसरं अफ्लिबरसेप्ट, तेही व्हीईजीएफ अडवणारंच. नजर थोडीच कमी झालेल्यांना तिन्ही सारखी लागू पडली, जास्त कमी झालेल्यांना पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरलं. म्हणून ‘स्वस्त इंजेक्शन चालेल का?’ असं डॉक्टरांना संकोच न करता विचारा. अवॅस्टिनची मोठी बाटली छोट्या मात्रांत विभागून वापरतात, तेव्हा ते काम निर्जंतुक जागी होतं का, हेही विचारा. रानिबिझुमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती २०१५ पासून आपल्याकडे मिळते.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. इंजेक्शनं मधेच सोडू नका. पेरणी आली, लग्नसराई आली, की तारीख पुढे जाते आणि मग राहूनच जाते. उपचार अर्ध्यावर सोडून सहा महिन्यांहून जास्त काळ न आलेल्या रुग्णांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ते परत आले तेव्हा फक्त इंजेक्शनवर असलेल्यांच्या डोळ्यांचं नुकसान लेझर झालेल्यांपेक्षा जास्त होतं. वरचेवर येणं जमणार नसेल, तर ते आधीच डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. त्यावरून उपचार बदलू शकतो.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. ल्युटिनच्या गोळ्या मधुमेहाच्या पडद्याच्या आजारावरचा उपचार नाही. ठरावीक जीवनसत्त्वं, जस्त आणि ल्युटिन यांचं मिश्रण वयोमानानं मॅक्युला बिघडलेल्या काही रुग्णांनाच उपयोगी पडतं, म्हणून आम्ही त्या गोळ्या दुकानात ठेवत नाही. फेनोफायब्रेट या चरबीवरच्या जुन्या गोळीनं मधुमेहींच्या पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२४ साली स्कॉटलंडमधल्या चाचणीत दिसलं. ती सुरू करायची का, हे मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनीच ठरवायचं.

‘चाचणीत भाग घ्या’ असं कुणी म्हटलं तर

लगेच नकार देऊ नका, लगेच होकारही देऊ नका. माहिती आणि संमतीचा कागद मराठीत मागा, घरी न्या, मुलांना वाचायला द्या. मधेच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार अडत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर औषधोपचाराची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांची असते. भारतात २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात सक्तीची आहे, आणि ती कुणालाही फुकट पाहता येते.

पण केवळ नोंदीवर भरवसा ठेवू नका. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन वृद्ध स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या ‘स्टेम सेल’, म्हणजे मूळ पेशी, टोचल्या. त्यासाठी ५,००० डॉलर घेतले, आणि दोन्ही डोळ्यांना एकाच दिवशी टोचलं. तिघींचीही नजर जवळजवळ गेली. हा वृत्तान्त २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या क्लिनिकच्या अभ्यासाची नोंद तिथल्या सरकारी यादीत होती. नव्या उपचारासाठी कुणी पैसे मागत असेल, किंवा दोन्ही डोळे एकदम करू म्हणत असेल, तर तिथून उठून या.

थांबू नका अशा खुणा

अचानक काळे ठिपके वाढले, विजेसारखे लखलखाट दिसू लागले, किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखा अंधार आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. इंजेक्शननंतर पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तर घाबरायचं कारण नाही, पण दुखणं वाढलं, डोळा लाल होत गेला किंवा नजर कमी झाली, तर रात्र असली तरी फोन करा.

मधुमेह कळला त्याच वर्षी पडदा दाखवा आणि पुढे दर वर्षी दाखवत राहा. घरी तपासायला मुलांची चौकटीची वही पुरते. जवळचा चष्मा लावा, एक डोळा झाका, पान फूटभर अंतरावर धरा आणि मधल्या चौकटीकडे पाहा. मग दुसरा डोळा. रेषा वाकड्या किंवा तुटक दिसल्या तर या किंवा सरळ डॉक्टरांकडे जा.

पिनहोलच्या तपासणीचे आम्ही पैसे घेत नाही, आणि पाठवलेल्या रुग्णामागे कुठल्याही डॉक्टरांकडून काही घेत नाही. डॉक्टरांकडे जाताना जुनी फाइल, साखरेचे रिपोर्ट आणि सध्याचा चष्मा बरोबर ठेवा. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास उजेड सहन होत नाही, तेव्हा दुचाकी घरी ठेवा आणि सोबत कुणाला तरी न्या.