देशव्यापी

देशव्यापी म्हणजे सगळ्या देशात पसरलेलं. देश आणि व्यापणे यातून बनलेलं विशेषण आहे, संप, बंद, मोहीम, सर्व्हे अशा शब्दांच्या आधी लागतं आणि रूप बदलत नाही, देशव्यापी संप तसंच देशव्यापी संपात. बोलण्यात मात्र हा शब्द फारसा येत नाही, आपल्याकडं पारावर "उद्या देशभर बंद हाय म्हणते" एवढ्यात काम भागते, देशव्यापी हा पेपरातला, भाषणातला नाहीतर तहसीलवर द्यायच्या निवेदनातला शब्द.

राष्ट्रीय आणि देशव्यापी एक नाही. नागपूर-हिंगणघाटवरून जाणारा 44 नंबरचा हायवे राष्ट्रीय आहे, पण एक रस्ता देशव्यापी कसा होईल, रस्त्यांचं जाळं होऊ शकते. अखिल भारतीय हे जास्त करून संस्थेच्या नावात येते, जसं गुरुकुंज मोझरीचं अखिल भारतीय श्री गुरुदेव सेवा मंडळ. (गावच्या कबड्डीच्या बॅनरवर पण अखिल भारतीय लिहितात, टीम भले शेजारच्या तालुक्यातून येवोत.)

देशव्यापी म्हटलं की सगळीकडे सेम टू सेम झालं पाहिजे असं काही नाही, हे लोक विसरतात. 1930 चा सविनय कायदेभंग देशव्यापी होता, दांडीला मीठ उचललं, पण विदर्भात समुद्र कुठून आणणार, म्हणून इथं जंगलचा कायदा मोडायचं ठरलं आणि 10 जुलै 1930 ला पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. आंदोलन तेच, मिठाच्या जागी गवत. 1942 ला तर छोडो भारतचा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने आधी 14 जुलैला वर्ध्यातच केला, मग 8 ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्का बसला, आणि 16 ऑगस्टला चिमूर आणि आष्टी पेटले.

सरकारी कामात हा शब्द हळूहळू खरा होतो. केंद्राचा रोजगार हमीचा कायदा 2005 चा, पण 2 फेब्रुवारी 2006 ला सुरू झाला तो 200 जिल्ह्यांत, त्यात आपले यवतमाळ, अमरावती, गडचिरोली होते, बाकीचे जिल्हे जोडत 2008 मध्ये तो देशव्यापी झाला. कापसाचा हमीभाव मात्र जाहीर होतो तेव्हाच देशभर एक असतो, 2024-25 ला मध्यम धाग्याला 7,121 रुपये क्विंटल, आता कास्तकाराच्या हातात तेवढे पडतात का हा भाग वेगळा, खरेदी केंद्र काही गावोगावी नसते.

लिहिताना "संपूर्ण देशव्यापी" टाळावं, संपूर्ण त्यात आलंच. फक्त महाराष्ट्रापुरतं असेल तर राज्यव्यापी लिहावं.