सांबाचा ठेका: अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून गिटारवर

सांबा हे ब्राझीलचं नाचाचं संगीत. रिओचा संगीतकार दोंगाने नोव्हेंबर 1916 मध्ये ‘पेलो तेलेफोन’ हे गाणं रिओ द जानेरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नोंदवलं. 1917 साली ओडियन या कंपनीची तबकडी निघाली आणि सांबाचा जन्म म्हणून तेव्हापासून हेच गाणं दाखवलं जातं. यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे गाणं एकट्या दोंगाचं नव्हतं. तिया सियाता, म्हणजे सियातामावशी, ही बाहियाहून रिओत आलेली कृष्णवर्णीय बाई. प्रासा ओन्झे चौकाजवळच्या तिच्या घरी पुढच्या खोलीत नाच, मागे सांबा आणि अंगणात ढोल अशी बैठक भरायची. तिथे अनेकांच्या तोंडून हे गाणं घडलं, त्यामुळे मालकीवरून वाद लगेच सुरू झाला. दुसरी अडचण ठेक्याची. गाण्यावर सांबाचं नाव असलं तरी चाल माशीशी या जोडीनृत्याच्या वळणाची आहे: आठ मात्रांत 3, 3 आणि 2 असे तुकडे. घरातल्या नाचाला ते छान पुरतं.

रस्त्यावर मात्र ते पुरेना. रिओच्या एस्तासिओ वस्तीतल्या इस्मायल सिल्वा, बीदे आणि त्यांच्या मित्रांनी 1928 मध्ये ‘देइशा फलार’ हे मंडळ काढलं. नावाचा अर्थ साधारण ‘बोलणाऱ्यांना बोलू दे’. कार्निव्हलमध्ये शंभरेक माणसं चालत, गात, हात मोकळे सोडून नाचत जायची. जुन्या ठेक्यावर पाऊल अडखळायचं. पुढे म्हातारपणी इस्मायलने हा फरक बोलांतच सांगितला. जुना सांबा ‘तान तांतान, तान तांतान’ असा जायचा, आमचा ‘बुम बुम पाटिकुंबुम प्रुगुरुंदुम’. तबल्याचे बोल ऐकत वाढलेल्या कानाला याहून वेगळी फोड करून सांगायची गरज नाही.

त्यातला ‘बुम’ म्हणजे सुर्दू, मोठा खर्ज ढोल. लोण्याच्या मोठ्या पत्र्याच्या डब्याला कातडं ताणून तो मिरवणुकीत आणण्याचं श्रेय बीदेला दिलं जातं. सांबात दोन ठोक्यांचा गण असतो आणि वजन दुसऱ्या ठोक्यावर पडतं. सर्वांत खर्जाचा ‘पहिला’ सुर्दू तो दुसरा ठोका देतो, जरा वरच्या सुराचा ‘दुसरा’ सुर्दू आधीच्या ठोक्यावर त्याला उत्तर देतो आणि लहानसा ‘तिसरा’ मधल्या फटी भरतो. मांगेइरा मंडळाने उत्तर देणारा सुर्दू ठेवलाच नाही, म्हणून त्यांचा ताफा डोळे मिटूनही ओळखू येतो. समेवर जोर द्यायची सवय असलेला नवखा वादक हमखास पहिल्या ठोक्यावर जोरात मारतो आणि त्या क्षणी सांबाचं लष्करी कूच होतं.

वर तांबोरीं. सुमारे सहा इंचांचं हे एकतोंडी वाद्य एका हातात धरून काडीने वाजवतात, धरलेल्या हाताचं बोट कातड्याला खालून दाबतं. एका ठोक्याच्या चार मात्रा धरल्या तर सोळा मात्रांत त्याचे नऊ आघात: 1, 3, 5, 6, 8, 10, 12, 14 आणि 15. अंतरं मोजली तर सात आणि नऊ असे दोन असमान भाग पडतात. सगळी गंमत या असमानतेत आहे आणि सगळा धोकाही. गाण्याची ओळ नऊच्या बाजूला बेतलेली असताना वादकाने सातपासून सुरुवात केली, की दोन्ही एकमेकांना आडवे जातात. मिरवणुकीत ही चूक अंतरामुळेही होते. मिनिटाला 140 ठोके धरले तर एक मात्रा सेकंदाच्या दहाव्या भागाहून किंचित मोठी. पन्नास मीटरवरचा आवाज पोहोचायला त्याहून जास्त वेळ लागतो. दोन-तीनशे वादकांच्या ताफ्याने लांबच्या गाण्याकडे कान दिला तर तो मागे पडलाच म्हणून समजा. त्यासाठी ताफ्यापुढे हातवारे करणारा उस्ताद लागतो.

तबकडीवर हे सगळं उशिरा आलं. कर्ण्यात गाऊन ध्वनिमुद्रण व्हायचं तेव्हा ढोल नीट टिपले जात नसत. ब्राझीलमध्ये 1927 ला विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि 1930 च्या कार्निव्हलसाठी निघालेल्या ‘ना पावुना’ या गाण्यात रस्त्यावरची तालवाद्यं ऐकू आली. इस्मायलची गाणी मात्र लोकप्रिय गायक फ्रान्सिस्को आल्वेसने विकत घेतली आणि श्रेयात स्वतःचं नाव घातलं. तेव्हाचा हा सर्रास व्यवहार होता.

पन्नाशीच्या दशकात मैफल रिओच्या समुद्रकाठच्या कोपाकबाना भागातल्या फ्लॅटमध्ये गेली. तिथे सुर्दू वाजवला तर शेजारी दार ठोठावणार. जुआझेइरो या बाहियातल्या गावच्या जोआओ जिल्बेर्तोने तो ताफा गिटारच्या सहा तारांवर आणला. जोबीमची चाल आणि विनिसियसचे शब्द असलेलं ‘शेगा दे सौदादे’ त्याने जुलै 1958 मध्ये ओडियनसाठी गायलं. जेमतेम दोन मिनिटांचं गाणं, पण गळ्याला एक आणि गिटारला एक असे दोन मायक्रोफोन हवेत म्हणून तो अडून बसला. हट्ट रास्त होता. आवाज न कापवता, बोलल्यासारखा हळू गाणाऱ्याला गिटार तोलामोलाची ऐकू यायला हवी.

उजव्या हाताची रचना अशी. अंगठा खर्जाच्या तारेवर प्रत्येक ठोक्याला, घड्याळासारखा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका तीन तारा एकदम छेडतात आणि तांबोरींचे काही आघात उचलतात. शिकणारे इथे दोन चुका करतात. बोटं आडवी गेली की अंगठाही त्यांच्यामागे ओढला जातो. मग सुर्दूच हरवतो. किंवा अंगठा मूळ स्वर आणि पंचम असा झोके घेतो. जिल्बेर्तो पुष्कळदा एकाच स्वरावर राहायचा. नोव्हेंबर 1962 च्या न्यूयॉर्कमधल्या कार्नेगी हॉलमधल्या कार्यक्रमानंतर अमेरिकी ड्रमवादकांनी याचा 3-3-4-3-3 असा पाच ठोक्यांचा साचा केला. लक्षात ठेवायला सोपा, पण जिल्बेर्तो ओळीगणिक बदलायचा ते त्यात उरत नाही.



सांबा परत अंगणात आला तो सत्तरच्या दशकात, रिओच्या रामोस भागात ‘कासिके दे रामोस’ या कार्निव्हल मंडळाच्या आवारातल्या चिंचेखाली. टेबलाभोवती बसून बिनमाइकचं गाणं, मग वाद्यंही बदलली. तिथे जमलेल्या फुंदो दे किंताल मंडळींत आल्मीर गिनेतोने बँजोला काव्हाकीन्यो या छोट्या गिटारची चार तारांची मान लावली, कारण चिमुकला काव्हाकीन्यो ढोलांत बुडत होता. उबिरानीने काडीने वाजवायचा रेपीके हा ढोल हाताने वाजवला. सुर्दूच्या जागी सेरेनोचा तांतां आला, मांडीवर आडवा घ्यायचा लांबट ढोल. उजवा तळवा कातड्यावर दुसरा ठोका देतो, डावा हात लाकडी अंगावर मधल्या मात्रा टिपतो. गायिका बेथ कार्व्हाल्योने 1978 च्या आपल्या तबकडीसाठी याच मंडळींना स्टुडिओत नेलं.