शाई तरंगते ती हलकी असते म्हणून नाही

जपानी सुमिनागाशीचे रील सध्या भरपूर फिरतायत. पसरट ट्रेमध्ये साधं पाणी, एक माणूस ब्रशचं टोक पाण्याला नुसतं टेकवतो, काळा गोल उमटतो, मग दुसरा ब्रश टेकवला की त्या काळ्या गोलाच्या पोटात पांढरा गोल उघडतो, परत काळा, परत पांढरा, असं करत वलयात वलय तयार होत जातं, शेवटी हलकी फुंकर मारून ती वलयं वाकवायची आणि वरून कागद टेकवून उचलायचा, झाली नक्षी कागदावर. बघणाऱ्यांपैकी निम्मे म्हणतात ऑइल पेंट असणार, उरलेले म्हणतात शाई पाण्यापेक्षा हलकी असणार. दोन्ही चूक आहे, आणि खरं कारण याहून कितीतरी भारी आहे म्हणून हा लेख.

आधी शाई बघू. सुमी म्हणजे काजळी आणि सरस, बस्स. पाइनचं लाकूड किंवा मोहरीवर्गातल्या बियांचं तेल जाळून काजळी धरायची, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसात ती मळायची, साच्यात दाबून कांडी वाळवायची. जपानमधली बहुतेक सुमी आजही नारा शहरात बनते आणि तीसुद्धा थंडीच्या महिन्यांत, कारण उन्हाळ्यात सरस लगेच सडतो. ही कांडी दगडावर पाण्यात उगाळली की शाई तयार. आता काजळी म्हणजे कार्बन, त्याची घनता पाण्याच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे वजनाचा हिशोब केला तर ती बुडायलाच पाहिजे. आणि बुडतेही, थेंब जरा उंचावरून टाका, धुरासारखे काळे धागे सोडत सरळ तळाला जातो. तोच ब्रश पृष्ठभागाला नुसता टेकवला तर शाई वरच राहते आणि झर्रकन पसरते. म्हणजे मामला शाईच्या वजनाचा नाहीये, पाण्याच्या पृष्ठभागाचा आहे.

पृष्ठताण आपण सगळे शाळेत शिकलोय, सुई तरंगते वगैरे. पाण्याच्या आतला रेणू चहूबाजूंनी ओढला जातो, वरच्या थरातल्या रेणूला वर ओढणारं कोणी नसतं, म्हणून पृष्ठभाग सतत आकसायला बघतो. हा ताण मोजता येतो, २० अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा साधारण ७३ मिलिन्यूटन प्रति मीटर, पाण्यासारख्या द्रवासाठी हा खूपच जास्त आहे, अल्कोहोलचा २२ च्या आसपास असतो. आता पाण्याच्या एका ठिपक्यावर ताण कमी करणारं काहीतरी ठेवलं, साबणाचा अंश, राळ, सरस, तर काय होईल? रस्सीखेच चालू असताना एका बाजूच्या माणसांनी हात सैल सोडले की दोर दुसऱ्या बाजूला धावतो ना, तसं. जास्त ताणाचं बाहेरचं पाणी त्या ठिपक्याला चारही दिशांनी आपल्याकडे ओढून नेतं. शाई पसरते असं आपण म्हणतो खरं, पण तिला ढकलणारं आत कोणी नसतं, बाहेरचं पाणी तिला ओढत असतं. याला मॅरँगोनी परिणाम म्हणतात, कार्लो मॅरँगोनी या इटालियन अभ्यासकाने १८६५ मध्ये पाव्हियाला यावर प्रबंध लिहिला, त्याच्या दहा वर्षं आधी जेम्स थॉमसनने वाइनच्या ग्लासच्या कडेला चढणाऱ्या थेंबांचं कारण हेच सांगितलं होतं.

म्हणूनच सुमिनागाशीत दोन ब्रश लागतात. एकात शाई, दुसऱ्यात ताण कमी करणारं बिनरंगी पाणी. पूर्वी त्यात पाइनची राळ वापरायचे, किंवा ब्रशचं टोक कपाळावर, नाकाच्या कडेला फिरवून तिथला तेलकटपणा घ्यायचे, आज भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब वाटीभर पाण्यात पुरतो. पांढरं वलय दिसतं ते रिकामं पाणी नाहीये हे नीट लक्षात घ्या. तिथेही एक पारदर्शक पापुद्रा पसरलेला असतो, तो शाईला रेटून धरतो, म्हणून शेजारची काळी शाई आत घुसत नाही. काळा पापुद्रा आणि पारदर्शक पापुद्रा एकमेकांना सारख्याच जोराने दाबत उभे राहतात, त्या दोघांमधली सीमा म्हणजेच ती रेघ.

आता माझा सर्वात आवडता भाग, थोडं गणित आहे पण सातवी-आठवीचंच. प्रत्येक वेळी ब्रशने सारखाच माल सोडला आणि प्रत्येक पापुद्र्याने आपलं क्षेत्रफळ टिकवलं असं धरा (जवळपास टिकवतो, ट्रे भरत आला की थोडा दबतो). पहिल्या थेंबाचा गोल १ सेंमी त्रिज्येचा. दुसरा थेंब बरोबर मध्यावर टाकला, तो स्वतः १ सेंमी त्रिज्येची जागा घेणार, पहिला बाहेर ढकलला जाऊन त्याचं वलय होणार, आणि एकूण क्षेत्रफळ दुप्पट झालं म्हणून बाहेरची त्रिज्या √२ म्हणजे १.४१. तीन थेंब झाले की √३ म्हणजे १.७३, चार झाले की २. मधला गोल १ सेंमी, त्याबाहेरचं वलय ०.४१ सेंमी जाड, मग ०.३२, मग ०.२७, दहावं येईपर्यंत ०.१६. म्हणजे बाहेर जाता जाता वलयं बारीक होतात ती कारागिराचा हात सफाईदार म्हणून नाही, वर्गमुळामुळे! सगळ्यात बाहेरची केसासारखी रेघ ही सगळ्यात आधी टाकलेली शाई असते, तेवढीच शाई, फक्त मोठ्या घेरावर ताणलेली.

आणि थेंब मध्यावर न टाकता बाजूला टाकला तर? त्याचंही सूत्र आहे, नव्या थेंबाच्या केंद्रापासून r अंतरावर असलेला पृष्ठभागावरचा कुठलाही बिंदू सरळ बाहेर सरकतो आणि त्याचं नवं अंतर होतं √(r² + a²), इथे a म्हणजे नव्या थेंबाची त्रिज्या. a १ सेंमी धरला तर १ सेंमीवरचा बिंदू जातो १.४१ वर, ५ सेंमीवरचा फक्त ५.१० वर, १० सेंमीवरचा १०.०५ वर, म्हणजे हललाच नाही म्हणा ना. त्यामुळे नवा थेंब जवळच्या रेघांना जोरात वाकवतो आणि लांबच्यांना हातही लावत नाही. शिवाय क्रम महत्त्वाचा, आधी डावीकडे मग उजवीकडे आणि आधी उजवीकडे मग डावीकडे, थेंब तेच, जागा त्याच, पण नक्षी वेगळी येते. या एका ओळीच्या सूत्रावर कॉम्प्युटरवर सुमिनागाशी काढता येते, प्रोग्रॅमिंग येत असेल तर करून बघाच, ट्रेमधलं डोळ्यासमोर असेल तर फार मजा येते.

एक प्रश्न उरतो, या रेघा पुसट का होत नाहीत? फूड कलर पाण्यात टाकला तर काही मिनिटांत त्याच्या कडा पुसट होतात. इथे काजळी कामाला येते. रंगाचा एक रेणू साधारण नॅनोमीटरभर, काजळीचा कण त्याच्या शंभरपट वगैरे, आणि कण जितका मोठा तितका तो पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी कमी भटकतो. हिशोब केला तर १०० नॅनोमीटरचा कण पाच मिनिटांत आपल्या जागेपासून जेमतेम ०.०५ मिलिमीटर सरकतो, रेणू त्याच्या दहापट. म्हणजे फुंकर मारून रेघा कितीही घड्या घालून वाकवा, ताणा, त्या एकमेकींत मिसळत नाहीत, नुसत्या बारीक होतात.

ही सगळी चौकशी जपानमध्ये एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने १९३० च्या दशकात गंभीरपणे केली होती, तोराहिको तेरादा. हा माणूस म्हणजे काय बोलावं, कोन्पेइतो नावाच्या साखरेच्या गोळीला टेंगळं का येतात इथपासून काच तडकते कशी इथपर्यंत सगळ्यात त्याला रस. काजळी आणि सरसाचे कण पाण्यात कसे वागतात यावर त्याने आपल्या सहकाऱ्यांबरोबर टोकियोच्या रिकेन संस्थेत काम केलं. आणि त्याचाच विद्यार्थी उकिचिरो नाकाया, ज्याने १९३६ मध्ये होक्काइदोला प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला आणि स्फटिकाचा आकार तापमान आणि बाष्प यांवर ठरतो हे दाखवून दिलं.

हे मुद्दाम सांगतोय, कारण त्याच जपानमधून मासारू इमोटोचे ते फोटो आले, पाण्याला प्रेमाने बोललं की सुंदर स्फटिक आणि शिव्या दिल्या की वेडेवाकडे, आणि ते फॉरवर्ड अजूनही आपल्या फॅमिली ग्रुपवर सकाळी सकाळी येतात. तिथे फोटो निवडणारा माणूस ठरवतो कुठला स्फटिक दाखवायचा, आणि असा प्रयोग काहीच सिद्ध करत नाही. नाकायाने खरं उत्तर त्याच्या साठेक वर्षं आधी देऊन ठेवलं होतं. सुमिनागाशीलाही आता "पाणी तुमचं मन ओळखतं" असलं काहीबाही चिकटवून महागडी वर्कशॉप विकतात. पाणी मन ओळखत नाही, पाण्याला साबण कळतो, तुमचा श्वास आणि वरचा पंखा कळतो. कृपया पंखा बंद करा.

कला जुनीच आहे. क्योटोच्या निशी होंगान्जी मंदिराकडे छत्तीस कवींच्या कवितांचा साधारण १११२ मधला संग्रह आहे, त्यातल्या काही कागदांवर सुमिनागाशी दिसते. फुकुइ प्रांतातलं एचिझेन हे जुनं कागदगाव, तिथे हे अजून हाताने करतात. आपल्याजवळचं नातं आहे ते दुसऱ्या शाखेशी, इराण-तुर्कस्तानकडच्या मार्बलिंगशी, ज्यात पाण्याला डिंकासारख्या पदार्थाने घट्ट करतात. सतराव्या शतकात आदिलशाही विजापूरच्या चित्रकारांनी त्यातून अख्खे घोडे आणि माणसं काढली, नुसत्या पानांच्या कडा नाही.

स्वतः करायचं असेल तर वाटलीबंद सुमी शाई मिळते. अॅक्रिलिक रंग साध्या पाण्यावर बुडतो, तो घेऊ नका. कागद बिनचकाकीचा, शाई पिणारा हवा, जपानी लोक कोझो नावाच्या झाडाच्या सालीतल्या लांब धाग्यांचा घेतात, गुळगुळीत आर्ट पेपरवर काजळी रुतत नाही, नळाखाली धरला की वाहून जाते. कागद एका कडेपासून हळूहळू टेकवा, खाली हवा अडकली तर तिथे पांढरा डाग पडतो. पाणी बोअरचं जड असेल तर साबणाची साय धरते, म्हणून फिल्टरचं घ्या.

आणि प्रत्येक नक्षीनंतर वर्तमानपत्राची पट्टी पृष्ठभागावरून ओढून घ्या. उरलेला अदृश्य पापुद्रा आधीच ताण कमी करून बसलेला असतो, तो काढला नाही तर पुढचा थेंब पसरत नाही, आखडून बसतो. पट्टीने पृष्ठभाग झाडून काढायची ही युक्ती विज्ञानात आणली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या अॅग्नेस पॉकेल्सने, विद्यापीठात कधी शिकल्या नाहीत, घरचं सगळं सांभाळत स्वयंपाकघरात पन्हळीसारखं भांडं घेऊन पत्र्याच्या पट्टीने पृष्ठभाग आकसवून त्या ताण मोजायच्या. त्यांनी इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं, रॅलेंनी ते १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आणलं. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युरने पुढे तसंच भांडं सुधारून वापरलं आणि पृष्ठभागांवरच्या कामासाठी त्याला १९३२ मध्ये नोबेल मिळालं, पॉकेल्सबाईंना त्याच वर्षी, वयाच्या सत्तरीत, त्यांच्या गावच्या तांत्रिक विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली.