यकृत प्रत्यारोपण आणि महाशिरेचा प्रश्न : पार्श्वभूमी

शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी अधोमहाशिरा यकृताच्या मागील बाजूला इतकी चिकटून जाते की, रोगट यकृत काढताना त्या शिरेचे काय करायचे हे आधी ठरवावे लागते. प्रत्यारोपणाच्या निरनिराळ्या पद्धती मुख्यतः या एका प्रश्नातून निघाल्या.

थॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हर येथे मानवावरील पहिले यकृत प्रत्यारोपण केले. रक्तस्राव आटोक्यात न आल्याने तो बालरुग्ण टेबलावरच दगावला. त्यांच्या पद्धतीत यकृताबरोबर त्याच्यामागील महाशिरेचा तुकडाही काढत आणि दात्याच्या यकृतासोबत आलेला तुकडा त्या जागी वर व खाली टाके घालून जोडत. ही जोडणी होईपर्यंत महाशिरा आणि आतड्यांकडून येणारी पोर्टल शिरा दोन्ही बंद ठेवाव्या लागत, त्यामुळे रक्तदाब कोसळे, आतडी रक्ताने तुंबत आणि मूत्रपिंडांवर ताण येई. अडलेले रक्त नळीवाटे हृदयाकडे वळवण्याचा उपाय सुरुवातीलाच करून पाहिला गेला, पण नळीत झालेल्या गुठळ्या फुप्फुसांत गेल्या. रक्त पातळ करणारे औषध न देता पंपाच्या साहाय्याने ते वळवण्याची सुरक्षित सोय पिट्सबर्ग येथे १९८० च्या दशकात झाली, आणि माझ्या मते मोठ्या माणसांवरील शस्त्रक्रिया सर्वदूर पसरण्यात तिचा वाटा सहसा सांगितला जातो त्याहून मोठा आहे.

महाशिरा जागेवरच ठेवून नवे यकृत तिच्यावर बसवण्याची कल्पनाही जुनीच. केंब्रिजचे रॉय काल्न यांनी १९६८ मध्येच तिचे वर्णन केले होते. ती रुजली मात्र १९८९ मध्ये, अँड्रियास झाकिस आणि सहकाऱ्यांच्या लेखानंतर, 'पिगीबॅक' या नावाने. या पद्धतीत हृदयाकडचा प्रवाह बराचसा चालू राहतो. परंतु यकृतशिरांचे तोंड अरुंद जोडले गेले तर नव्या यकृतातून रक्त बाहेर पडत नाही आणि ते सुजते. हा दोष टाळण्यासाठी जाक बेलगिती यांनी १९९२ मध्ये दात्याची आणि रुग्णाची महाशिरा कडेला कड लावून रुंद जोडण्याची रीत मांडली.

जिवंत दात्याकडून यकृताचा भाग घेताना निवडीला वावच उरत नाही, कारण दात्याची महाशिरा त्याच्याजवळच राहते आणि रुग्णाची राखावीच लागते. उलट, गाठ महाशिरेला भिडलेली असेल तर स्टार्झल यांची मूळ पद्धतच योग्य ठरते. एरवी कोणती पद्धत सरस, हे २०११ च्या कॉक्रेन आढाव्यालाही (वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित मूल्यमापन) उपलब्ध चाचण्यांवरून ठरवता आले नाही. म्हणून आजही शल्यविशारदाचा सराव, रुग्णाच्या हृदय-मूत्रपिंडांची स्थिती आणि भूलतज्ज्ञांचे मत यांवर निर्णय होतो.