हात हलवत पुटपुटणारी पोरं आणि छप्पन मात्रांचं भांडण

माझी भाची लहानपणापासून कथक शिकली, आता कंटेम्पररी करते. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या ग्रुपचा नवीन पीस बसत होता तेव्हा म्हणाली, मामा येऊन बस कोपऱ्यात, फक्त मध्ये बोलू नकोस. पुण्यातला एका सोसायटीचा हॉल, वर फॅन कुरकुरतोय, एका भिंतीला ओल आलेली, सहा नाचणारे, नाच बसवणारी बाई (सगळे तिला ताई म्हणतात) आणि खाली सतरंजीवर लॅपटॉप घेऊन बसलेला म्युझिकवाला.

पहिले दोन दिवस मला वाटलं की इथे कोणी नाचतच नाहीये. गिरकी यायची तिथे एकजण नुसतं बोट गोल फिरवायचा, उडीच्या जागी टाचा जराशा वर, हात अर्धेच, नजर शून्यात आणि तोंडाने काहीतरी पुटपुटणं चालू. देवळात प्रदक्षिणा घालताना आजी जपमाळ ओढते ना, तसं. मी मनात म्हटलं पोरं उरकतायत. भाचीला घरी विचारलं तर डोळे वटारून म्हणाली, मामा, ते मार्किंग असतं, म्हणजे पूर्ण न नाचता नुसत्या खुणांनी केलेला सराव.

मग वाचायला घेतलं आणि कळलं की या 'उरकण्यावर' बऱ्यापैकी संशोधन झालेलं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या सॅन डिएगो शाखेत डेव्हिड कर्श म्हणून कॉग्निटिव्ह सायन्सचे प्रोफेसर आहेत. वेन मॅकग्रेगर, म्हणजे 2006 पासून लंडनच्या रॉयल बॅलेचा रेसिडेंट कोरिओग्राफर, 2009 मध्ये स्वतःची कंपनी घेऊन तिथे गेला होता तेव्हा कर्श आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॅमेरे लावून, वह्या घेऊन तो नवीन काम कसं बसवतो ते टिपलं. त्यात त्यांच्या डोळ्यात सगळ्यात जास्त भरलं ते हे मार्किंगच. पुढे त्यांनी प्रयोग केला: डान्सर्सना नवीन तुकडे शिकवायचे आणि मग सराव तीन तऱ्हांनी करून घ्यायचा, एकदा पूर्ण जोर लावून, एकदा मार्किंग करून आणि एकदा जागचं न हलता नुसतं मनात. त्यांचा अंदाज तुमच्या-माझ्यासारखाच होता, पूर्ण ताकदीचा सराव पहिला येणार, मार्किंग दुसरं. झालं उलटंच, मार्किंग पहिलं आलं! 2013 मध्ये एडवर्ड वॉरबर्टन, मार्गारेट विल्सन वगैरे मंडळींनी बॅलेच्या डान्सर्सवर वेगळा प्रयोग केला, त्यातही मार्किंगने बसवलेल्या तुकड्याला परीक्षकांनी जास्त मार्क दिले.

असं का होत असेल? वॉरबर्टन वगैरेंचं म्हणणं असं की पूर्ण नाचताना तोल सांभाळ, पाय ताण, शेजारच्याला लाथ बसू देऊ नको, या सगळ्याचा भार डोक्यावर येतो आणि पुढे काय येणारे हे आठवायला जागा कमी उरते. मार्किंगमध्ये तो भार उतरतो. पण मग नुसतं मनात का पुरत नाही, तर कर्श म्हणतात की अर्धवट हलणारं शरीर हे चक्क कच्च्या स्केचसारखं काम करतं, बोट फिरलं की त्या खुणेवरून डोकं पुढची पूर्ण गिरकी नीट बघू शकतं. म्हणजे शरीराने विचार करणं. गुणाकार करताना हातचा बोटावर धरतो तेच झालं की हे, मला तरी तसंच वाटलं.

आणखी एक गंमत. हा मॅकग्रेगर हालचाल समजावताना तोंडाने चित्रविचित्र आवाज काढतो, हालचाल झटक्याची असेल तर तसा, लोण्यासारखी असेल तर लांबवलेला, आणि डान्सर ते ऐकून बरोब्बर करतात. कर्शच्या टीमला हे फार इंटरेस्टिंग वाटलं. मला हसू आलं, कारण आपल्याकडे पढंत म्हणून हे कधीचं पद्धतशीर चालू आहे, आधी बोल म्हणायचे, हातावर ताल धरायचा, मग पाय. 'तिग्दा दिग दिग थै' म्हटलं की शेवटचं थै कुठे आदळणार हे कथकच्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही कळतं.

आता भांडण. चौथ्या दिवशी म्युझिकवाल्याने रूपक तालावर बांधलेला लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, आणला. रूपक सात मात्रांचा, म्हणजे सात ठोक्यांचा, त्यात वर खट्याळ: सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, तिथे एरवी टाळी पडते, पण इथे समेवरच खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता उघडायचा. आणि ताईचा मुख्य तुकडा बसला होता आठ काउंटवर. ती म्हणाली एक मात्रा वाढव, तो म्हणाला तू एक काप, दोघंही हटेनात, चहा गार झाला. मग त्यानेच गणित मांडलं: बदलू नकोच काही. तुझा आठचा तुकडा माझ्या सातवर चालव, दर वेळी तू एक मात्रा पुढे सरकशील आणि सात वेळा झालं की छप्पन्न मात्रा, माझी आठ आवर्तनं, म्हणजे तालाच्या आठ फेऱ्या, मग दोघं परत एकत्र समेवर. मिनिटाला एकशेवीस मात्रांच्या लयीत 28 सेकंद.

कागदावर झकास, पण पोरं गडगडली. कारण ठेका हा फक्त कानाने ऐकायचा प्रकार नाहीच. 2007 मध्ये जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट यांनी दाखवलं की माणूस न हलता नुसता ठेका ऐकत असला तरी मेंदूचे हालचालीशी जोडलेले भाग कामाला लागतात. आणि कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीतला 2005 चा प्रयोग तर मला फार आवडतो. सात महिन्यांच्या बाळांना एक सपाट सहा ठोक्यांची लय ऐकवली, कुठेच जोर नाही. काहींना दर दुसऱ्या ठोक्याला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर जोर दिलेल्या दोन लयी ऐकवल्या तर ज्याला जसं झुलवलं होतं ते बाळ त्याच पद्धतीची लय जास्त वेळ ऐकत राहिलं. डोळे झाकून झुलवलं तरी तेच. पण नुसतं दुसऱ्याला झुलताना दाखवलं तर फरक पडला नाही. आवाज एकच, ठेका कुठे आहे ते अंगाने ठरवलं! आता विचार करा, या पोरांचं अंग आठ म्हणतंय आणि स्पीकर सात.

एक शहाणा म्हणाला मी सरळ एक ते छप्पन्न मोजतो. एकोणचाळीसला जीभ अडखळली आणि तो भिंतीवर गेला. यात नवीन काही नाही, 1913 मध्ये पॅरिसला रशियन संगीतकार स्त्राविन्स्कीच्या संगीतावरचा 'द राइट ऑफ स्प्रिंग' हा गाजलेला बॅले पहिल्यांदा झाला तेव्हा प्रेक्षकांच्या गोंधळात डान्सर्सना ऑर्केस्ट्रा ऐकू येईना, म्हणून तो बॅले बसवणारा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून आकडे ओरडत होता, आणि रशियन भाषेत दहाच्या पुढचे आकडे इतके लांब की लयीत मावत नव्हते, असं स्त्राविन्स्कीनेच पुढे सांगितलंय.

ताईने शेवटी आकडेच बंद केले. म्हणाली, तत्कार म्हणा, म्हणजे कथकमध्ये पायांच्या कामाचे पहिले बोल. ता थै थै तत्, आ थै थै तत्. आठच अक्षरं, मोजायचं काही नाही, फिरून फिरून तेच. आणि आधी मार्क करा, कोणी उडी मारायची नाही.

लूप चालू झाला. सहाजणं जागच्या जागी, बोटं फिरतायत, ओठ हलतायत, म्युझिकवाला मान खाली घालून हातावर टाळी-खाली धरून बसलेला. पाचव्या फेरीला भाचीचा चेहरा असा झाला की आता ही सुटणार, पण नाही सुटली. सातव्या फेरीचा शेवटचा 'तत्' झाला, पुढच्या 'ता'ला लूपची सम आली आणि सहाही टाचा एकदम खाली आल्या, फरशीवर एकच आवाज. म्युझिकवाल्याने वर बघितलं नाही, नुसतं म्हणाला, "परत."